नटराजाच्या पायाखालचा अपस्मार

(वर्धा येथे पालक आणि उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्यसनमुक्तीवरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात एक ठरलेले चित्र उभे राहते. आकडेवारी, काळवंडलेल्या फुफ्फुसाचे छायाचित्र आणि शेवटी सामूहिक शपथ. शपथेला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शपथ घेणारे हात बहुधा निर्व्यसनी माणसांचेच असतात, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो तो सभागृहात नसतोच. म्हणून आज त्या अनुपस्थित तरुणाचाच विचार करायचा आहे. त्यासाठी आधार घ्यायचा आहे एका नृत्यपटाचा.

फेब्रुवारी २०१३ मध्ये 'एबीसीडी : एनी बडी कॅन डान्स' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. नृत्यदिग्दर्शक रेमो डिसूझा यांचे दिग्दर्शन, प्रभुदेवा यांची प्रमुख भूमिका आणि त्रिमितीत चित्रित झालेला भारतातील पहिला नृत्यपट अशी त्याची ख्याती झाली. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी तो पाहिला असेल; त्यातील नाच शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोहोचल्यामुळे पालकांनाही तो नकळत परिचित असेल. कथानक साधे आहे. विष्णू नावाचा एक निष्णात नृत्यशिक्षक मोठ्या नृत्यकंपनीतून दुखावून बाहेर पडतो, मुंबईतील डोंगरीच्या वस्तीतील भांडखोर पोरांना एकत्र करतो आणि त्यांचा संघ दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत उतरवतो. वळणे सगळी अपेक्षित आहेत आणि खलनायक ठोकळेबाज आहे. तथापि या संघात चंदू नावाचा एक मुलगा आहे. पुनीत पाठक या नर्तकाने ती भूमिका केली आहे. चंदूच्या अंगात विलक्षण नाच आहे आणि रक्तात अमली पदार्थ.

गुरू या मुलाचे काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. तो त्याला हाकलून देत नाही आणि त्याच्या गुणांवर भाळून व्यसनाकडे डोळेझाकही करीत नाही. 'नाचायचे असेल तर हे सोडावे लागेल' अशी अट तो घालतो आणि ती पाळली जाईपर्यंत त्याच्याजवळ उभा राहतो. आपल्या परंपरेत गुरूकुलाचा जो अर्थ आहे, तो याहून वेगळा नाही. चंदू सावरतो. पुढे चित्रपट संपण्यापूर्वीच त्याचा मृत्यू होतो, पण तो व्यसनाने नव्हे. त्याच्या पश्चात संघ अंतिम फेरीत उभा राहतो आणि जे नृत्य सादर करतो ते गणपतीपुढचे असते. पाश्चात्त्य पदन्यास शिकलेली ती पोरे अखेरीस आपल्या गल्लीतल्या उत्सवाकडे वळतात. या शेवटावर टीका करणारे अनेक असतील; वर्ध्या-हिंगणघाटच्या पोरांना मात्र तो शेवट आपला वाटला, यात शंका नाही.

आता दुसरा चित्रपट. तो दूरचा आहे आणि सर्वांनी पाहावा असा मुळीच नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये बॉब फॉसी या नामवंत नृत्यदिग्दर्शकाने 'ऑल दॅट जॅझ' नावाचा चित्रपट केला. १९८० मध्ये कान महोत्सवातील सर्वोच्च सन्मान त्याला जपानच्या अकिरा कुरोसावांच्या 'कागेमुशा'सोबत विभागून मिळाला. त्याचा नायकही नृत्यदिग्दर्शक आहे. त्याची प्रत्येक सकाळ सारखीच उजाडते. ध्वनिफीत सुरू होते, डोळ्यांत थेंब पडतात, उत्तेजक गोळी घशाखाली जाते आणि मग आरशासमोर उभा राहून तो स्वतःलाच खेळ सुरू झाल्याची वर्दी देतो. दिवस पुढे सरकतो तसा आरशातला चेहरा अधिकाधिक थकलेला दिसतो आणि अखेर हृदय साथ सोडते. फॉसीने हे बरेचसे स्वतःच्याच आयुष्यातून उचलले होते. १९८७ मध्ये तोही हृदयविकारानेच गेला.

दोन्ही चित्रपटांत नृत्य आहे, दोन्हींत नशा आहे. भेद कशात आहे? फॉसीच्या नायकाभोवती माणसांची गर्दी आहे. त्याच्यावर प्रेम करणारी माणसेही आहेत. परंतु त्यातल्या कोणालाही त्याला थांबवता येत नाही, कारण त्याच्या कलेवर सर्वांचा प्रपंच चालतो. काम होते आहे ना, मग गोळी कशाला मोजायची? चंदूला मात्र अडवणारा कोणीतरी आहे.

'कलावंताला थोडी लागतेच' हे वाक्य आपल्याकडे किती सहजपणे उच्चारले जाते! मराठी रंगभूमीने या वाक्याची फार मोठी किंमत मोजली आहे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला मराठी देह देणारे गणपतराव जोशी यांच्या अभिनयाच्या आख्यायिका जितक्या सांगितल्या जातात, तितक्याच त्यांच्या मद्यासक्तीच्याही. अलीकडचे उदाहरण डॉ. काशिनाथ घाणेकरांचे. ज्यांच्या नुसत्या प्रवेशाला टाळ्या पडत, ते मार्च १९८६ मध्ये नाट्यदौऱ्यावर असताना आपल्या शेजारच्या अमरावतीत निवर्तले. २०१८ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांचे तेज व त्यांची घसरण दोन्ही ठाऊक झाली. प्रेक्षागृहातून बाहेर पडताना किती जणांच्या मनात तेज राहिले आणि किती जणांच्या मनात पेला, हे सांगणे कठीण आहे. कलावंताच्या दारूभोवती प्रभावळ काढण्याची आपली सवय जुनी आहे. प्रतिभा दारूतून आली असती तर गावोगावच्या गुत्त्यांतून कालिदास बाहेर पडले असते!

या प्रश्नाचे मर्म ज्याने ओळखले होते तो नाटककारही अखेरचा श्वास घेण्यासाठी विदर्भातच आला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे गेले. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात, त्याच वर्षी. पदे रचायलाही गडकऱ्यांना आयुष्य पुरले नाही. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहून महाराष्ट्र रडला. या नाटकाचा उल्लेख झाला की सर्वांना पहिला पेला आठवतो. दुखावलेला अभिमान आणि तळीरामाने पुढे केलेला तो पेला. मात्र नाटकातले अधिक भेदक स्थळ पुढे आहे. सुधाकर एकदा दारू सोडतो. खरोखर सोडतो. मनाशी निश्चय करून तो प्रतिष्ठित परिचितांकडे काम मागायला जातो, आणि तेथे त्याच्या वाट्याला हेटाळणी येते. त्या अपमानानंतर तो पुन्हा पेला उचलतो. पहिल्या पेल्याचा दोष तळीरामाचा म्हणता येईल. या दुसऱ्या पेल्यात मात्र सभ्य, निर्व्यसनी समाजाचाही हात आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण हे नाटक पाहत आलो, आणि नेमके हेच स्थळ विसरत आलो.

चित्रपट आणि वास्तव यांत अंतर कुठे पडते, तेही स्पष्टपणे पाहिले पाहिजे. पडद्यावर चंदूचे व्यसन थोड्या दृश्यांत सुटते. प्रत्यक्षात 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगर ओढणारा मुलगा पुडी थांबताच काही तासांत तळमळू लागतो. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारख्या वेदना, उलट्या, जुलाब. त्यांच्या भाषेत याला 'टर्की' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला जातो आणि साधारण आठवड्याभरात ओसरतो. औषधांनी तो पुष्कळ सुसह्य होतो. दारूचे वेगळे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरतात, काहींना फिट येते, भास होतात आणि उपचार न मिळाल्यास जीवावर बेतते. 'आजपासून खोलीत कोंडून ठेवतो, बघू कशी सुटत नाही' असे म्हणणारा प्रेमळ बाप अजाणता मुलाचा प्राण धोक्यात घालतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

तो आठवडा संपला की घरच्यांना वाटते, सुटला. खरी परीक्षा तेथून सुरू होते. शरीर मोकळे झालेले असते. पण मेंदूने सुखाची ती वाट पाठ केलेली असते. जुना मित्र, जुना नाका, खिशात आलेला पगार, घरातले भांडण, एवढे निमित्त पुरते. गर्दच्या बाबतीत आणखी एक भयंकर गोष्ट आहे. काही आठवडे दूर राहिल्यामुळे शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि मुलगा घसरला की पूर्वीचीच मात्रा घेतो. अशा वेळी श्वास थांबून मृत्यू येतो. केंद्रातून घरी परतल्यानंतरचे दिवस म्हणूनच सर्वांत जपण्याचे.

येथे नटराजाच्या मूर्तीकडे वळावेसे वाटते. शिवाच्या तांडवाची ती चोलकालीन धातुमूर्ती आपण घराघरांतल्या प्रतिकृतींत पाहतो. हातातील डमरू आणि अग्नी लक्षात राहतात; पायाखाली जो बुटका पडलेला आहे, त्याच्याकडे दृष्टी क्वचितच जाते. त्याचे नाव अपस्मार. ज्याची स्मृती हरपली, ज्याला आपण कोण हे उरले नाही, तो. शिव त्याला ठार करीत नाही, ही त्या कल्पनेतील विलक्षण गोष्ट. अपस्मार नाहीसा करता येत नाही, त्याला केवळ दाबून धरता येते, अशी धारणा आहे. म्हणून उजवा पाय त्याच्या पाठीवर रोवलेला आणि नृत्य अखंड. पाय उचलला की तो उठणार. व्यसनाधीनतेला वैद्यकशास्त्र आज दीर्घकालीन, पुन्हा उलटू शकणारा आजार मानते. ते सांगण्यासाठी याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. आणि पाय रोवून ठेवणे हा रोजचा उद्योग आहे. कलेच्या भाषेत त्याला रियाज म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि पुढे भारतातही रुजलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र सांगतात. रियाजाचेही सूत्र तेच.

आता वर्ध्याविषयी. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहायला आले, त्या शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. या दोन पुण्यस्मृतींपोटी सत्तरच्या दशकाच्या मध्यात जिल्ह्यात संपूर्ण दारूबंदी आली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात राज्याला जे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे, त्याचे पालन करणारा हा महाराष्ट्रातील पहिला जिल्हा. गडचिरोली १९९३ मध्ये आला. चंद्रपूर २०१५ मध्ये आला आणि २०२१ मध्ये तेथील बंदी उठली. वर्ध्याची टिकली, हे भूषण आहे. बंदीमुळे मुलाबाळांच्या वाटेवर परवान्याच्या दुकानांच्या पाट्या नाहीत. ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही वस्तुस्थिती सर्वांना ठाऊक आहे. वर्धा नदीचा पूल ओलांडला की पलीकडे अमरावती आणि यवतमाळ. बुटीबोरीच्या दिशेने निघाले की नागपूर. गावाबाहेरच्या नाल्याकाठी मोहाचा सडवा पुरलेला असतो; पोलीस 'वॉश आऊट' मोहीम काढतात, ड्रम फोडतात, महिन्याभरात नवा सडवा लागतो. गावोगावच्या महिला मंडळांनी गुत्ते बंद पाडण्यासाठी ज्या हालअपेष्टा सोसल्या, त्यांना तोड नाही. परंतु या साऱ्या झगड्यात एक गोष्ट नजरेआड झाली. जेथे पिणे हाच गुन्हा आहे, तेथे 'माझ्या मुलाला दारू सुटत नाही' हे आईने कोणाजवळ बोलावे? बंदी असलेल्या जिल्ह्यात व्यसनाची कबुली म्हणजे गुन्ह्याची कबुली होते. त्यात मध्यमवर्गीय घर असेल, वडील शिक्षक असतील, बहिणीचे लग्न ठरायचे असेल, तर दाराला आतून कडी लागते. दुकान बंद झाले ते चांगलेच झाले. त्यासोबत दवाखान्याचा रस्ताही बंद झाला असेल, तर तो उघडण्याचे काम बंदीच्या समर्थकांचेच आहे.

सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशव्यापी सर्वेक्षण करून घेतले आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. देशात दारू घेणारे सुमारे १६ कोटी, अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी. हे आकडे वृत्तपत्रांत गाजले. न गाजलेला आकडा असा की दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकालाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस कुठे आहेत? ते कडी लावलेल्या घरांत आहेत.

कायद्याची एक बाजू फार थोड्यांना माहीत असते. अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा केंद्रीय कायदा कठोर आहे; विक्रेत्याला तो सोडत नाही. त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ इच्छित असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. अर्धवट सोडल्यास संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. विष्णूने चंदूला घातलेली अट आणि संसदेने घातलेली ही अट यांत फार अंतर नाही. मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो घराघरांत पोहोचवणे हे एका आठवड्याचे काम आहे.

महाराष्ट्रात या कामाची वाट घालून दिली ती पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी देऊ केली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये केंद्र उभे केले. ज्या वर्षी घाणेकर गेले, त्याच वर्षी हे घडले. तेथे औषधोपचार आहेत, योग आहे, गटात बसून बोलणे आहे, गाणे-बजावणे आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे नवागतांना हात देतात. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण नवऱ्याची दारू सुटण्याआधी बायकोच्या मनावरचे ओझे उतरावे लागते. सिंधूला असा गट मिळाला असता तर? गडकऱ्यांच्या काळात ते शक्य नव्हते. आपल्या काळात आहे.

आता उत्सवांचा विषय, आणि तो बोलणे थोडे अप्रिय आहे. ज्या चित्रपटातील पोरे निर्मळ अंगाने गणपतीपुढे नाचतात, तो पाहून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी कितीजण छातीवर हात ठेवून सांगू शकतील की आपल्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत कोणी पिऊन नाचत नाही? अनेक मुलांचा पहिला घोट लग्नाच्या वरातीत नाहीतर मिरवणुकीच्या ट्रॅक्टरमागे होतो. बाटली पुढे करणारा परका नसतो. वर्गणीची पावती फाडणारा मंडळातलाच दादा असतो. 'बाप्पा एकदाच येतात' असे तो म्हणतो. तळीरामाचा हा नवा अवतार डोक्याला भगवी पट्टी बांधून आलेला असतो, म्हणून त्याला ओळखण्यास आपण टाळाटाळ करतो. बंदीच्या जिल्ह्यात तरी मंडळांनी एवढा नियम करावा की प्यायलेल्या माणसाला, मग तो अध्यक्ष असला तरी, मूर्तीपुढे नाचू द्यायचे नाही. काही ठिकाणी मंडळे असा नियम पाळतात. तेथे आया-बहिणी मिरवणुकीत अखेरपर्यंत चालतात.

नियमाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, आणि ती नियमाहून अवघड. केंद्रातून परतलेल्या मुलाचे काय? त्याचे जुने मित्र त्याची वाट पाहत असतात. चांगली मुले त्याला टाळतात, कारण त्यांच्या पालकांनी तसे बजावलेले असते. संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ त्याला खायला उठतो. नेमक्या त्याच वेळात गणेशोत्सवाच्या दीड-दोन महिने आधीपासून ढोल-ताशा पथकांचे, लेझीम पथकांचे सराव चालू असतात. त्याला तेथे बोलवायचे. पथकप्रमुखाने घरी जाऊन, आईसमोर बोलवायचे. 'पाहू या, टिकतो का' अशा संशयाने नव्हे आणि 'बिचारा' म्हणून डोक्यावर हात फिरवूनही नव्हे. ढोल कमरेला बांधायला देऊन. अट एकच. येताना शुद्धीत यायचे, आणि एक संध्याकाळ चुकली तर कोणीतरी त्याच रात्री घरी चौकशीला जायचे. वर्गणी वा पैसे त्याच्या हाती द्यायचे नाहीत. पहिल्या वर्षी ते त्याच्यासाठीच जड असते. विसर्जनाच्या रात्री त्याच्या दोन्ही बाजूंना न पिणारे दोन वादक असावेत आणि मिरवणूक संपल्यावर त्यांनी त्याला दारापर्यंत सोडावे.

तो कदाचित घसरेल. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तेव्हा पथकाने काय करायचे हे आधीच ठरवून ठेवले पाहिजे. ढोल काढून घ्यायचा, डॉक्टरांकडे न्यायचे, आणि जागा रिकामी ठेवायची. रांगेतली ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली, तर परतण्याचे निमित्तच उरत नाही.

या सभागृहातून बाहेर पडताना प्रत्येकाला आपल्या गल्लीतले एक तरी नाव आठवेल. ते येथे कोणी उच्चारू नये. त्या घरात लग्नाची मुलगी असू शकते. रात्री जेवणे आटोपल्यावर, पादत्राणे बाहेर काढून, गल्लीत गाजावाजा न करता दोघांनी त्या घरी जावे. आईने दार उघडले की पहिल्या भेटीत मुलाविषयी काही विचारू नये. चहा घ्यावा, आणि सराव कितीला सुरू होतो तेवढे सांगून यावे.